सहा एमएमचा स्टड

स्टड, म्हणजे इंजिनात पक्का बसवलेला आट्यांचा दांडा ज्यावर नट चढतो, तो तुटताना मोठा आवाज होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. आधी पाना जागचा हलत नाही. मग अचानक हलतो आणि मनात येतं, सुटला एकदाचा. पण हाताला ते फिरणं वेगळं लागतं, ओल्या दोरीला पीळ द्यावा तसं. त्या क्षणी नट आट्यांवरून फिरत नसतो, नटासकट स्टडच पिळला जात असतो. ते ओळखून थांबलो असतो तर वाचलो असतो. मी आणखी पाव फेरा दिला आणि नट माझ्या हातात आला. आत स्टडचा तुटका, चकाकता तुकडा होता.

गाडी बाबांची. १०० सीसीची, चार स्ट्रोकची, २००९ साली घेतलेली. देवगडजवळच्या आमच्या गावात निम्म्या घरांपुढे अशाच गाड्या उभ्या असतात. घरापासून कलमांची बाग ६ किलोमीटर लांब आहे आणि बाबा रोज पहाटे गाडीवरूनच जातात. गणपतीपासून गाडीचा आवाज बदलला होता. चढाला फटफट वाढायची, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट्ट फट्ट बार निघायचे. वाकून पाहिलं तर सायलेन्सरचा वळलेला बेंड पाइप जिथे हेडला, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाला, मिळतो तिथे काजळीचा काळा ओघळ. त्या जोडातलं पॅकिंग गेलं होतं. जळलेला वायू तिथून बाहेर येतो, आणि दोन धक्क्यांच्या मधे त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ॲक्सिलरेटर बंद केल्यावर न जळलेलं पेट्रोल पाइपात येतं, त्याला ही हवा मिळते आणि ते तिथेच पेटतं. बार निघतात ते त्याचे.

काम म्हटलं तर अर्ध्या तासाचं. दोन नट काढायचे, सायलेन्सर उतरवायचा, तांब्याचं नवं पॅकिंग बसवायचं. दिवाळीची सुट्टी होती, शाळा बंद. शनिवारी सकाळी मी बसलो.

या गाड्यांचं सिलिंडर जवळजवळ आडवं असतं, त्यामुळे एक्झॉस्टचं तोंड खाली जमिनीकडे असतं. दोन्ही स्टडही खालीच लोंबतात. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आणि पाणी थेट त्यांच्यावर बसतं. आमच्याकडे त्यात खारा वारा. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गाडी माडाच्या झावळांच्या मांडवात. हेड अॅल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा आणि मधे खारट ओल. दोन वेगळे धातू असे खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते. लोखंडाला गंज चढतो तो वेगळाच. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांमधे तेवढी जागा नसते, म्हणून तो स्टडला आतल्या आत आवळून धरतो. वरून तेल ओतलं तरी ते आत शिरायला वाटच उरत नाही.

नटांची अवस्था आधीच वाईट होती. ६ एमएमच्या स्टडवरच्या नटाला १० चा पाना लागतो. पण गंजाने नट इतके झिजले होते की १० ची गोटी, म्हणजे नटावर चढणारा वाटीसारखा पाना, त्यांच्यावर गरगर फिरत होती. शेजारच्या काकांकडे जुन्या इंची गोट्यांचा डबा आहे. त्यातली तीन सुताची गोटी मी मागून आणली. तीन सूत म्हणजे साडेनऊ एमएमला किंचित जास्त. ती नटावर नुसती बसत नाही, हातोडीने ठोकून बसवावी लागते. ठोकताना नटावरचा गंजही सोलून निघतो आणि सहाही कडांवर पकड येते. रात्रभर रॉकेल पाजलेला डावा नट या गोटीने कुरकुरत सुटला. त्याचा स्टड शाबूत राहिला. त्या आनंदात उजव्याला मी तेवढा वेळ दिला नाही.

काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. गोटी परत मागायला म्हणून आले आणि माझ्या हातातला नट बघून पायरीवर बसले.

"मोडलो?"

"मोडलो, काका."

"खंय मोडलो? भायर काय रवलो हा?"

बाहेर काही राहिलं नव्हतं. हेडच्या पृष्ठभागापासून दीडेक एमएम आत तुटला होता. बाहेर थोडा दांडा राहिला असता तर चिमट्यात धरता आला असता, त्याला दोन खाचा घालून पिळता आला असता, वेल्डिंगवाल्याकडून त्यावर नवा नट चिकटवून घेता आला असता. त्यातलं काहीच शक्य नव्हतं.

तालुक्याच्या गावी फोन केला. तिथल्या गॅरेजवाल्याने सांगितलं की हेड उतरवून लेथवाल्याकडे पाठवावं लागेल, आठ दिवस लागतील. त्या आठ दिवसांपेक्षा मला भीती दुसऱ्या गोष्टीची होती. वाडीतल्याच एका गाडीचा असाच स्टड तुटला होता तेव्हा कुणीतरी हातानेच ड्रिल मारलं होतं. लोखंड कठीण, अॅल्युमिनियम मऊ. बिट लोखंडावरून घसरलं आणि शेजारच्या अॅल्युमिनियममध्ये शिरलं. भोक लांबुळकं झालं, आटे गेले, आणि आता तिथे पाइप तारेने बांधलेला आहे. तो पाइप मी रोज बघतो.

मी काकांना इझी आउटबद्दल विचारलं. तुटका स्टड काढायचं ते उलट्या आट्यांचं हत्यार बाजारात मिळतं, दोनशे-तीनशे रुपयांत सेट येतो. काकांनी मान हलवली.

"तो काचेसारखो आसता. आत मोडलो तर मगे काय करशीत? तेका ड्रिलय लागना नाय." थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "आधी मदलो बिंदू गावाक व्हयो. बाकीचा मागसून."

सगळी अडचण त्या मधल्या बिंदूची होती. स्टड ६ एमएमचा, त्याच्या आट्यांच्या आतला गाभा ४.८ एमएमच्या आसपास. त्यात बरोबर मधोमध भोक पडलं तर चहूबाजूंनी सारखी भिंत राहते. अर्धा एमएम जरी बाजूला गेलं तरी एका अंगाला हेडचे आटे धोक्यात. आणि तुटलेला चेहरा सपाट नसतो. पिळून तुटलेल्या लोखंडाला एका बाजूला उंचवटा असतो, दुसऱ्या बाजूला खड्डा. बिट टेकवलं की ते आपोआप खड्ड्याकडे घसरतं. नजरेने मध्य काढून हाताने तो टिकवणं माझ्याच्याने झालं नसतं.

मी बराच वेळ सुटलेला सायलेन्सर घेऊन बसलो होतो. बेंड पाइपच्या तोंडाशी ती दोन भोकांची फ्लँज असते, तीच पाइप हेडमध्ये दाबून धरते. ती हातात फिरवत असताना लक्षात आलं की स्टडचा मध्य कुठे आहे हे या फ्लँजला ठाऊकच आहे. ती मुळात त्या दोन स्टडांसाठीच बनलेली. पाइपचं तोंड हेडच्या खाचेत बसलं, डावा स्टड डाव्या भोकात गेला, की उजवं भोक तुटक्या स्टडच्या बरोबर वर येणार. दुसरीकडे कुठे जायला त्याला वावच नाही.

पण भोक ७ एमएमचं आणि स्टड ६ चा. म्हणजे मधे एका एमएमची ढिलाई. शिवाय ७ च्या भोकातून ३ चं बिट सरळ चालवायचं तर मधे काहीतरी बुश हवा, म्हणजे भोकात घट्ट बसून बिटाला वाट दाखवणारी नळी. लेथवाला बंद, दिवाळी.

तो बुश सापडला माळ्यावरच्या जुन्या रेडिओत. रेडिओ कधीचा मुका झालाय, पण त्याची लांब होणारी एरियल शाबूत होती. ही एरियल म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पितळी नळ्या, वरून चकाकी दिलेल्या. बाहेरची नळी ७ एमएमची, मग प्रत्येक आतली साधारण एकेका एमएमने बारीक. मी ती उलगडून कॅलिपर लावला आणि काकांना हाक मारली. काकांनी नळी फ्लँजच्या भोकात घातली. ती हलकेच दाबल्यावर बसली, आणि बसल्यावर हलली नाही. तिच्या आत ६ ची, त्यात ५ ची, त्यात ४ ची. सगळ्यात आतल्या नळीतून ३ चं बिट अंगासरशी फिरलं.

प्रत्येक नळीचा २० एमएमचा तुकडा हॅकसॉने कापला. कापताना नळी चेपते, म्हणून आत लाकडाची सळी घालून कापली. काठांवर उठलेले धारदार कंगोरे कानशीने काढले. मग बाहेरची चकाकी घासून पिवळं पितळ उघडं केलं, कारण चकाकीवर सोल्डर धरत नाही. चारही तुकडे एकात एक घालून सोल्डरिंगच्या गरम इस्त्रीने कडेला सोल्डर सोडला. तो फटीत ओढला गेला, आणि चार नळ्यांचा एक जाड भिंतीचा बुश तयार झाला. पितळ मऊ, दहा-वीस भोकांत झिजेल. मला एकच भोक पाडायचं होतं.

डाव्या शाबूत स्टडसाठीही त्याच एरियलच्या ७ च्या नळीचा तुकडा वापरला. तो स्टडवर चढवला की डावीकडची ढिलाईही गेली. मग फ्लँजला सरकायला जागाच राहिली नाही.

एक गोष्ट उरली होती. फ्लँज नीट बसायला आत पाइपचं तोंड हवं, पण पूर्ण पाइप लावला तर ड्रिल मशीनला जागा राहत नाही. बाजारातल्या भंगारवाल्याकडून सडलेला सायलेन्सर ८० रुपयांना आणला आणि त्याच्या बेंडचा तीन इंच तुकडा तोंडासकट ग्राइंडरने कापून घेतला. बाबांच्या गाडीच्या फ्लँजऐवजी भंगारातलीच फ्लँज वापरली, म्हणजे चुकून काही बिघडलं तरी मूळ भाग सुखरूप. संध्याकाळी दिव्याखाली ते सगळं एकत्र धरून पाहिलं: पाइपचा तुकडा, त्यावर फ्लँज, एका कानात नळी, दुसऱ्या कानात बुश. बाबा बागेतून पायी येऊन बघत उभे राहिले.

"उद्या गाडी गावतली काय?"

"बघूया," मी म्हटलं. खात्री नव्हती.

रविवारी सकाळी गाडी आडवी केली. आधी पेट्रोलची टाकी उतरवून अंगणाच्या पलीकडे नेली, कार्बोरेटर रिकामा केला, बॅटरी काढली, इंजिन ऑइल डब्यात काढून ठेवलं. पुढे गॅसची ज्योत वापरायची होती, तिथे पेट्रोलचा वासही नको. मग गोणपाटांवर गाडी कुशीवर निजवली. एक्झॉस्टचं तोंड आता समोर, जमिनीपासून वीतभर उंचीवर आलं. मीही तसाच कुशीवर निजलो, डोळ्यांवर चष्मा लावून. जुन्या पॅकिंगचे तुकडे तोंडात चिकटले होते. ते कोरडे खरवडले नाहीत, पाण्याने भिजवून काढले. जुन्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, त्याची धूळ श्वासात जाता कामा नये.

फ्लँज बसवली, डावा नट आवळला. ड्रिलच्या आधी काकांनी सिमेंटचा खिळा मागितला. भिंतीत ठोकायचा तो कडक खिळा, बुशमध्ये अंगासरशी जाईल असा. तो बुशमधून आत सोडून हातोडीचा एकच छोटा ठोका दिला. खिळा काढून टॉर्च मारला. तुटक्या स्टडच्या चेहऱ्यावर, उंचवटा आणि खड्डा यांच्या सीमेवर, एक बारीक चमकता ठिपका होता. चहूबाजूंची अंतरं डोळ्यांना सारखी वाटली. काकांनी बघितलं, मला परत बघायला लावलं. मग म्हणाले, "हां. आता चलव."

नव्या स्टडची हेडमध्ये जाणारी बाजू मोजली, जुना जितका आत तुटला होता तेवढं त्यातून वजा केलं, आणि बिट बुशमधून तुटक्या स्टडला टेकवून बुशच्या तोंडापासून तेवढ्या अंतरावर बिटाला चिकटपट्टी गुंडाळली. ती पट्टी बुशला टेकली की थांबायचं. काकांनी वाटीत खोबरेल आणलं. लोखंड कापायला खोबरेल चांगलं, असं त्यांचं म्हणणं आहे. वर्कशॉपात दुसरं काही नसलं की ते हेच वापरत. मशीन हळू फिरवलं. पहिल्यांदा काही नाही, नुसता कर्र आवाज. मग बुशच्या तोंडातून बारीक चुरा येऊ लागला. मी सारखा त्याचा रंग बघत होतो. करडा, काळपट चुरा म्हणजे लोखंड. पांढरा, मऊ, चकाकता आला की समजायचं अॅल्युमिनियमला लागलं. दर दहा-बारा सेकंदांनी बिट बाहेर काढून चुरा पुसायचा, खोबरेल लावायचं, पुन्हा आत. हात दुखले, खांदा आखडला. पट्टी बुशला टेकेपर्यंत पाऊण तास गेला. चुरा शेवटपर्यंत करडाच राहिला.

फ्लँज काढून भोक बघितलं तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही. अंगठीसारखं गोल कडं, सगळीकडे सारखं जाड.

मग तेच भोक साडेतीन एमएमचं केलं. आता बुश नको, पहिलं भोकच वाट दाखवतं. ४ पर्यंत का गेलो नाही, ते सांगतो. स्टडला बाहेर काढायला आत काहीतरी ठोकून बसवायचं असतं. भिंत फार पातळ झाली तर ठोकताना ती बाहेर फुगते आणि आट्यांवर आणखी आवळते. बाजारच्या शंकूसारख्या इझी आउटचा हाच दुसरा दोष.

काकांनी त्यांच्या हत्यारांतून एक झिजलेली तिकोनी कानस काढली, करवतीला धार लावायची. लाकडी मूठ काढली की कानशीला मागे निमुळती शेपटी असते. कानशीचं अंग कडक असतं, वाकवलं तर ताडकन तुटतं. पण शेपटी मुद्दाम मऊ ठेवलेली असते, मुठीत ठोकताना ती तुटू नये म्हणून. ही मऊ शेपटी आत मोडणार नाही, फार तर पिळेल. ती ग्राइंडरवर चौकोनी केली, टोकाला कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ३ एमएम, पुढे हळूहळू रुंद होत जाणारी. घासताना सारखी पाण्यात बुडवली, नाहीतर तापून तिचा स्वभाव बदलतो. चारही कडा धारदार ठेवल्या. गोल भोकात चौकोन ठोकला की कडा भिंतीत चावतात आणि मधल्या सपाट भागाला भिंत टेकत नाही, म्हणून फुगणं कमी होतं.

हलकेच चार ठोके देऊन ती बसवली आणि टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) दांड्याने पीळ दिला. हलली नाही. आदल्या दिवशीचं ओल्या दोरीसारखं फिरणं हाताला आठवत होतं, म्हणून पुढे गेलो नाही.

मग गॅस टॉर्च पेटवला. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ६ एमएमच्या भोकात दीडशे-दोनशे अंशांना हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढाच पडतो. पण तेवढ्यानेही गंजाची मिठी सैलावते. ज्योत स्टडवर धरायची नाही, भोवतीच्या हेडवर गोल फिरवत ठेवायची. अॅल्युमिनियम तापताना लाल होत नाही, हेडचं मिश्रण ६६० अंशांच्याही आधी थेट वितळतं, म्हणून रंगावर भरवसा ठेवता येत नाही. आम्ही पाण्याचा थेंब टाकून बघत होतो. थेंब फसफसून नुसता उकळला तर अजून हवं. थेंब गोळी होऊन तडतडत पळाला की पुरे.

थेंब पळाला. ज्योत बाजूला केली आणि काकांनी मेणबत्ती स्टडच्या कडेला टेकवली. वितळलेलं मेण एक क्षण कडेवर उभं राहिलं. मग हळूहळू आत ओढलं गेलं. मी आयुष्यात तेवढं बारकाईने काही बघितलं नसेल. तेल ज्या फटीत शिरत नाही त्यात मेण शिरत होतं. गरम असताना फट उघडते आणि पातळ झालेलं मेण आत जातं, थंड झाल्यावर तिथेच राहतं. तीनदा तापवलं, तीनदा मेण पाजलं.

चौथ्यांदा पीळ देताना मी सोडवायच्या दिशेने नाही, आवळायच्या दिशेने दिला. काकांनी सांगितलं म्हणून. केसभर. मग सोडवायच्या दिशेने केसभर. पुन्हा आवळायच्या. पाचव्या-सहाव्या वेळी हाताला वेगळं लागलं. ओल्या दोरीसारखं नाही. जाड रवा दाताखाली यावा तसं, करकरत, पण जागचं हलणारं. मी काकांकडे बघितलं. त्यांनी बोट वर केलं, घाई नको. पाव फेरा बाहेर, थोडा आत. थेंबभर तेल. पाव फेरा बाहेर. कधी अर्धा. तापलेल्या हेडचा वास, मेणाचा वास, खोबरेलाचा वास. वीस मिनिटांत तो पूर्ण बाहेर आला, कानशीच्या शेपटीवर अडकलेला, पोकळ, आट्यांत पांढरी भुकटी भरलेला.

काकांनी तो फडक्यात घेतला, उलटसुलट फिरवला आणि भोक मधे आहे का ते पुन्हा बघितलं. मधेच होतं.

पुढचं काम सोपं पण महत्त्वाचं. हेडच्या आट्यांत तीच पांढरी भुकटी होती. नवा स्टड तसाच घातला असता तर तो अर्ध्यात अडकला असता. टॅप होता, पण नवा धारदार टॅप जुन्या मऊ आट्यांत थोडा जरी वाकडा गेला तर धातू कापतो. आम्हाला कापायचं नव्हतं, फक्त झाडायचं होतं. म्हणून ६ एमएमचा साधा बोल्ट घेतला, टोक किंचित निमुळतं केलं आणि आट्यांवरून लांबीच्या दिशेने हॅकसॉने तीन खाचा पाडल्या. तो हाताने आत फिरवला की भुकटी खाचांत गोळा होते. बाहेर काढा, ब्रशने झाडा, पुन्हा घाला. चौथ्या वेळी तो फक्त दोन बोटांनी तळापर्यंत गेला.

नवा स्टड दोन नट एकमेकांवर आवळून आत बसवला. डावा जुना स्टड मी काढला नाही. काका म्हणाले तोही बदल. त्यांचं बरोबर असेल, पण त्याचे आटे चांगले होते आणि पुन्हा त्या वाटेने जायची माझी तयारी नव्हती. नट मात्र दोन्हीकडे पितळेचे लावले. पितळ लोखंडासारखं गंजून एकजीव होत नाही. नटांच्या आट्यांना कॉपर ग्रीस. जुन्या सेलमधली काळी कांडी कुटून ग्रीसमध्ये घालायची युक्ती बरेच जण सांगतात, मी ती केली नाही. ती कांडी म्हणजे कार्बन, आणि कार्बन अॅल्युमिनियमला टेकून खारी ओल मिळाली की अॅल्युमिनियम आणखी लवकर खाल्लं जातं. दुसरीकडे ती चालत असेल, समुद्राकाठी नको.

गाडी उभी केली, ऑइल भरलं, टाकी चढवली. पॅकिंग बसवून नट आळीपाळीने आवळले, इकडे अर्धा फेरा, तिकडे अर्धा. एकच बाजू आधी आवळली की फ्लँज तिरकी बसते आणि पॅकिंग एका अंगाला चिरडतं. पाना टोकाला न धरता मधे धरला, हातात जोर येऊच नये म्हणून. ६ एमएमला १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं. ते मनगटाचं काम आहे, खांद्याचं नाही.

तिन्हीसांजेला किक मारली. दोन-तीन किकांत सुरू झाली. थंड असतानाच जोडावर साबणाचं पाणी सोडलं. आठ दिवसांपूर्वी तिथून काजळी फुरफुरत होती, आता एक बुडबुडा नाही. बाबांनी एक फेरी मारली, वरच्या देवळापर्यंत चढ आणि परत उतार. उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला आम्हाला अंगणातून कळला. बार निघाला नाही. परत आल्यावर त्यांनी गाडी मांडवात न लावता घराच्या पडवीत, समुद्राच्या वाऱ्याला भिंतीची आड येईल अशी लावली. आता ती रोज तिथेच असते.

फ्लँज, पाइपचा तुकडा, बुश आणि खाचा पाडलेला बोल्ट मी एका तारेत ओवून काकांच्या पडवीतल्या खिळ्याला अडकवला आहे. डिसेंबरात वाडीतल्या दुसऱ्या गाडीचा डावा स्टड तुटला. फ्लँजची दोन्ही भोकं सारखीच असल्याने नळी आणि बुश यांची नुसती अदलाबदल केली आणि ती त्या बाजूलाही बरोबर बसली. तो स्टड बाहेर थोडा शिल्लक होता, म्हणून आधी कानशीने सपाट करावा लागला. बुश आता आतून जरा झिजलाय, ३ चं बिट त्यात किंचित डुलतं. एरियलच्या नळ्यांचे तुकडे अजून शिल्लक आहेत, पुढच्या रविवारी नवा करून ठेवणार आहे.